पाकीट कुठे अडलं, हे सांगायचं की नाही

मॅडम,

तुमच्या शोकसभेत बरंच बोललं गेलं. त्यातलं निम्मं तुम्हाला आवडलं नसतं आणि उरलेलं निम्मं कुणाच्याही शोकसभेत चाललं असतं. एका पाहुण्यांनी सांगितलं की विणकराच्या घरची लेक धाग्यांचं जाळं सोडून वायरींचं जाळं विणू लागली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे लक्षात येईपर्यंत दोघांनी वाजवल्या होत्या. मी शेवटच्या रांगेत होते. हीच उपमा पूर्वी कुणी तुमच्या तोंडावर दिली होती, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात ते मला आठवत होतं. "धागा तुटला तं दिसते. वायर तुटली तं बाहेरून जशीच्या तशी. दोनी एकच कसे?"

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी बोलले नाही. माझ्याकडे होतं ते एक अर्धं राहिलेलं भांडण, आणि त्या भांडणातली दुसरी बाजू समोर टेबलावर, फोटोत होती.

म्हणून ते इथे लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या सॉफ्टवेअरमधली एक स्क्रीन ठरायची राहिली होती. सत्र तोंडावर होतं आणि पोरं त्याच सॉफ्टवेअरवर प्रॅक्टिकल करणार होती. पाठवलेलं पाकीट पोचलं नाही, तर पोराला स्क्रीनवर काय दिसावं, एवढाच प्रश्न. तुमचं म्हणणं, काहीच दिसू नये. माझं म्हणणं, पाकीट कुठे अडलं आणि का अडलं, हे एका मराठी वाक्यात दिसावं. यावर आपण इतक्या वेळा भांडलो की कॉलेजातला शिपाईसुद्धा दारातून विचारायचा, "पोचलं का पाकीट?" ती स्क्रीन शेवटी मला एकटीला ठरवावी लागली. कशी ठरवली, ते तुम्हाला सांगायला हवं.

हे तुमच्याशिवाय इतरही वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. खरी यंत्रं हाताशी नसताना नेटवर्क शिकायचं, तर कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क मांडून शिकतात. कोऱ्या पाटीवर कॉम्प्युटरची चित्रं ओढून ठेवायची, मध्ये वायर जोडायची, प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता म्हणून एक नंबर द्यायचा आणि एकाकडून दुसऱ्याकडे माहितीचं पाकीट पाठवून बघायचं. अशी सॉफ्टवेअरं तयार मिळतात. पण ती उघडली की मुंगीएवढी बटणं आणि प्रत्येकावर इंग्रजी. आपल्या पोरांचा अर्धा तास बटण शोधण्यात जातो आणि उरलेला अर्धा ते दाबायला भिण्यात.

मी तुमची विद्यार्थिनी होते तेव्हा तेही नव्हतं. कॉलेजात एक स्विच होता, म्हणजे अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा डबा. तो काचेच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात, आणि ऑफिसात साहेब नाहीत. येताजाता पोरं त्याला हात जोडायची. तुम्ही फळ्यावर चौकोन काढून म्हणायचात, "हा स्विच समजा." आमचा अख्खा डिप्लोमा असा समजण्यात गेला.

त्यावर मी एक पत्रक काढलं होतं. शहापूरच्या आमच्या घरात पत्रकांचीच सवय. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नव्हते, कागद होते. बाबा डेपोतली ड्यूटी करून आले की वस्तीसाठी पत्रकं लिहायचे: शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो, रेशनचा माल का आला नाही, नळाचं काय झालं. आम्ही भावंडं बसून घड्या घालायचो. बाबांचा नियम होता. पहिल्या ओळीत काय झालं, दुसरीत का झालं, तिसरीत आपण काय करायचं. शेजारच्या काकूंना वाचून दाखवायचं, आणि त्यांना कळलं नाही तर छापायचं नाही. मी त्याच नियमाने कुलपाविरुद्ध लिहिलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. लॅबच्या इन्चार्ज तुम्ही. तुम्ही बोर्डासमोर उभं राहून सगळं वाचलंत आणि मला बोलावलंत. मी भांडायच्या तयारीने आले.

तुम्ही म्हणालात, "हे वाक्य मोठं आहे. पोरं बोर्ड उभ्यानं वाचतात. याचे दोन कर."

"आणि कुलूप?"

"कुलूप माह्या हातात असतं तं तू लिवलं असतं कायले? मी फळ्यावर डबे काढले असते कायले? वाक्य तोड आणि परत लाव."

मी तोडून परत लावलं. कुलूप तसंच राहिलं. त्या दिवसापासून तुमच्यासाठी मी 'पत्रक' झाले. सगळ्यांसमोरही.

पुढे मी नागपूरच्या एका कंपनीसाठी घरूनच स्क्रीन डिझाइन करायला लागले. कोणतं बटण कुठे, काय मोठं, काय लहान, चुकल्यावर काय दाखवायचं. तुमचा फोन आला. "अवं पत्रक, लोकायच्या स्क्रीना करून राहिली, आपल्या पोरायची कर ना एखादी." नेटवर्क कसं चालतं त्याचा हिशेब सॉफ्टवेअरच्या पोटात घालायचं काम तुम्ही घेतलंत. चेहरा माझ्याकडे. पैसे नव्हते, ते दोघींनाही माहीत होतं, त्यावर बोलणं झालं नाही.

पहिली स्क्रीन मी घेऊन आले. प्रत्येक बटणाशेजारी मी एक समजावणारं वाक्य लिहिलं होतं. तुम्ही चष्मा वर केलात.

"हे काय आहे?"

"मार्गदर्शन."

"वाचाले बहुत आहे. पोरगं वायर कधी जोडंल? दुसऱ्या सत्रात?"

तुमची कामाची एक पद्धत होती, आणि मी आज जिथे काम करते तिथेही तीच चालवते. स्क्रीन बरी की वाईट हे आपण ठरवायचं नाही. एका पोराला समोर बसवायचं, काम सांगायचं आणि त्याच्या मागे बसून बघायचं. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. उसासा टाकायचा नाही. तुम्ही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचात, कारण तुमचा हात माऊसकडे आपोआप जायचा. मला ते जमायचं नाही. माझ्या तोंडून एकदा "वरचं बटण" निघालं तर तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत. मी व्हरांड्यात उभी राहून खिडकीतून बघत होते. शिपाई म्हणाला, "डिग्री झाल्यावर बी बाहेरच का?" मी म्हटलं, डिप्लोमा. तो म्हणाला, "मंग बरोबर आहे."

अशाच एका चाचणीला रोशनी बसली. लाखनीजवळच्या गावातली, घरी धानाची शेती, बोलायला तरतरीत, यंत्रासमोर मात्र अंग चोरून बसणारी. काम सोपं होतं. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला चार लहान जोडायचे, सगळ्यांपर्यंत पाकीट पोचवायचं. रोशनीने मोठा कॉम्प्युटर पाटीच्या अगदी वर ठेवला. त्याच्या खाली एक, त्याच्या खाली आणखी एक, असे उतरत्या ओळीत सगळे मांडले आणि प्रत्येकाला फक्त वरच्याशी जोडलं. स्विच घेतलाच नाही. शेवटच्यापर्यंत पाकीट जाईना. तिने काय करावं? शेवटचा कॉम्प्युटर धरला आणि आणखी खाली ओढला. पाकीट जाईना. आणखी खाली. तो पाटीच्या तळाला टेकला तेव्हा तिने तळाची रेघसुद्धा ओढून बघितली.

मला काही कळत नव्हतं. तुम्ही मात्र पुढे वाकलात आणि हळूच म्हणालात, "अवं, हे तं पाणी उतरवून राहिली." तुमचाच नियम तुम्ही मोडला होता. मी तुम्हाला बाहेर काढलं नाही.

तिच्या गावात तलावाचं पाणी वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात येतं, ती भरली की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून खालच्या बांधीत सोडतात, तिथून आणखी खालच्या. शेवटच्या बांधीला पाणी पोचत नसेल तर कुठेतरी चढ आहे. रोशनीने स्क्रीनवरचा चढ काढायचा प्रयत्न केला होता. नंतर बसवलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांनी मोठा कॉम्प्युटर वरच ठेवला, आणि पोचलं नाही की खालचा खाली ओढला. मोठ्या शहरातल्या कुठल्या पोराने ही चूक केली असती असं मला वाटत नाही.

मी लगेच उपाय सांगितला. पाटीच्या डोक्यावर एक ओळ लिहू: येथे वर-खाली असण्याला काही अर्थ नाही.

"लागलं पत्रक," तुम्ही म्हणालात. मग पाटीकडे बघत विचारलंत, "ही पाटी फिरवता येईल का वं? अख्खी? उलटी?"

मला ते काम फुकटचं वाटलं. तरी केलं. कोपऱ्यात एक गोल बाण ठेवला. तो धरून ओढला की कॉम्प्युटर, वायरी, सगळी मांडणी घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची आणि पाकिटं चालूच राहायची. रोशनीला परत बसवलं. ती बाण ओढून बघत राहिली. मोठा कॉम्प्युटर तळाला गेला, आणि पाकीट खालून वर सरळ चढलं. तिने पाटी परत सरळ केली, परत उलटी केली.

"हे पाणी नाही तं मंग," ती म्हणाली. आणि आपणहून स्विच शोधायला लागली.

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. बघण्याची गरज नव्हती. एक शब्द न लिहिता पोरीला कळलं होतं. मी ते मान्य केलं, तेव्हाही आणि आताही. तो गोल बाण मी तोपर्यंत केलेल्या कामातली सर्वांत चांगली गोष्ट आहे, आणि तो तुमचा आहे. हे तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही, कारण त्या दिवसांत तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्यावर कात्री चालवत होतात.

पण त्या बाणामुळेच तुमचं मत पक्कं झालं. स्क्रीनने सांगायचं नाही, पोराने बघायचं. न पोचलेल्या पाकिटाबद्दलही तेच. ते दिसेनासं व्हावं. बस. "खरं नेटवर्क मुकं असते," तुम्ही म्हणायचात. "नोकरीवर गेल्यावर टॉवरच्या खोलीत कोणी सांगते का, की बाई, वायर इथं तुटली आहे म्हणून?" तुमच्या पहिल्या कामाची गोष्ट तेव्हा यायची. कुठल्याशा ऑफिसात नेटवर्क बंद पडलेलं, तुम्ही एकट्या बाई, दुपारभर खुर्चीवर खुर्ची चढवून छताच्या पाट्या उचलून बघत होतात आणि खाली बसलेले साहेब म्हणत होते, राहू द्या मॅडम, नागपूरहून माणूस बोलावतो. शेवटी उंदराने कुरतडलेली वायर हातात धरून तुम्ही खाली उतरलात. कुणी सांगितलं नव्हतं. ती गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलायचा.

आपल्या स्क्रीनची मुकी चाचणी आपण घेतली तेव्हाही रोशनीच बसली होती. पाकीट पाठवलं, गेलं नाही. परत पाठवलं. स्क्रीन कोरी. ती वायरीकडे बघत नव्हती, नंबरांकडे बघत नव्हती. हळूहळू ती मांडणीकडे बघायचीच बंद झाली आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. मग उठली, म्हणाली, "मले नाही जमत, मॅडम," आणि ओढणी सावरून निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती लॅबला आली नाही. मग कॉलेजलाच आली नाही.

त्यावरून आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, तुमच्यासारख्या बाईला गप्प यंत्र दिसलं तर ती म्हणते, शोधते. आमच्या पोरींना गप्प यंत्र दिसलं तर त्यांना एकच अर्थ कळतो, की चूक आपली आहे. त्यांनी लहानपणापासून गप्प खिडक्याच पाहिल्या आहेत. अर्ज परत येतो, कारण लिहिलेलं नसतं. नाव यादीत नसतं, का ते कुणी सांगत नाही.

"नेटवर्क काय तहसील ऑफिस आहे का?"

"पोरीला दोन्ही सारखंच दिसतं."

"मले कोणं सांगतलं होतं? कोणीच नाही. शिकली ना मी?"

तेव्हा मी म्हटलं ते तुम्हाला लागलं असणार. मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही हा तुमचा अभिमान आहे. माझ्या आजोबांना कुणी सांगितलं नाही हा त्यांचा अपमान होता. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

तुम्ही शिपायाला हाक मारलीत. चहा मागवलात. चहा आला, आपण प्यायलो, विषय निघाला नाही. मी ते वाक्य परत घेतलं नाही. आजही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीने लाखनीला गेलात, तिथून ऑटोने तिच्या गावाला. मला सांगितलं नव्हतं, नंतर रोशनीकडून कळलं. तिच्या आईसोबत बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून तुम्ही बोललात. चप्पल चिखलात अडकली ती तशीच हातात घेतलीत. आईने विचारलं, पोरगी नापास झाली का? तुम्ही म्हणालात, "नापास कायची? तिनं एक चूक केली, ती मले अजून कोणत्या पुस्तकात भेटली नाही. अशी पोरगी घरी बसवता का?" रोशनी परत आली. तुम्ही तिच्या मागे खुर्ची घेऊन बसलात, आणि ती अडली की तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. त्या "हं"मध्ये सगळं असायचं: घाबरू नको, मी आहे, परत बघ.

मी म्हटलं, आता तरी स्क्रीन बदलू.

"काहून? आणली ना मी तिले."

"दर पोरामागे तुम्ही एसटीत बसणार का?"

"बसीन," तुम्ही म्हणालात. "तुले काय करायचं आहे?"

आणि तुम्ही खरंच बसला असता.

मग तुमचं आजारपण आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, इतरांनी पुरेसं लिहिलं आहे. आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं आणि ते वायर तोडायच्या बटणाच्या जागेबद्दल होतं. ते पुसायच्या बटणाला चिकटून आहे, पोरं चुकून दाबतील, थोडं सरकव. मी सरकवते म्हटलं. तुम्ही, फोन ठेवते, म्हणालात. यात खोल काही नव्हतं.

तुम्ही गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं. कॉलेजने सॉफ्टवेअरला तुमचं नाव द्यायचं ठरवलं होतं. त्याला माझी हरकत नव्हती. पण त्यांना आणखी हवं होतं.

"सॉफ्टवेअर उघडलं की पहिले मॅडमचा फोटो आला पाहिजे. हार, समई, खाली तारीख."

"सर, पोराला दर वेळी श्रद्धांजली वाहून मग वायर जोडावी लागेल."

"दोन सेकंदाचं तं काम आहे."

"मॅडमनी मला त्या स्क्रीनवर एक जास्तीचं वाक्य ठेवू दिलं नाही, सर. फोटो कुठून ठेवू देतील?"

ते हसले. मग गंभीर झाले. "ठीक आहे, फोटो लॅबच्या भिंतीवर लावू. पण ते पाकिटाचं मॅडमच्या मनासारखंच ठेव. गप्प. त्याईची शेवटची इच्छा समज."

"ती इच्छा नव्हती, सर. मत होतं."

त्यांना हा फरक शब्दांचा कीस काढण्यासारखा वाटला. मला तो महत्त्वाचा वाटतो. इच्छा पाळायची असते. मताशी भांडायचं असतं. तुमचं मत इच्छा म्हणून पाळलं असतं तर तुम्हाला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं झालं असतं, आणि आमच्या घरात ती सोय नाही. माणूस गेला म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. ते चुकीचंही ठरत नाही. ते जिथे होतं तिथेच असतं, फक्त त्याची बाजू घेऊन उलट बोलणारं कुणी उरत नाही. मला तुमच्यावर असं जिंकायचं नव्हतं. म्हणून मी काही दिवस दोन्ही स्क्रीना समोर ठेवून तुमच्या बाजूने भांडून पाहिलं. प्रामाणिकपणे. खरं नेटवर्क मुकंच असतं. बघायला शिकल्याशिवाय कुणी शिकत नाही. गोल बाणाने हे सिद्ध झालं आहे.

आणि तरी एका जागी मी दर वेळी अडत होते. तुमची स्क्रीन गप्प होती, पण लॅब कधी गप्प नव्हती. पोराच्या मागे खुर्ची होती आणि खुर्चीत तुम्ही होतात. कोरी स्क्रीन आणि तुमचं "हं", असं ते दोन्ही मिळून एक यंत्र होतं. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुम्ही खुर्चीत होतात. आता तुमच्या जागी नवीन कुणाची नेमणूक झालेली नाही. लॅब उघडायला शिपाई येतो. म्हणजे यंत्रातला अर्धा भाग निघून गेला आहे आणि उरलेला भाग पुरे आहे असं मी पोरांना सांगू शकत नव्हते. मी वाक्य घातलं. पाकीट जिथे अडेल तिथे थांबेल, आणि खाली एका ओळीत कारण येईल.

सत्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीजवळ एका स्टुलावर बसले आणि गप्प राहायचं ठरवलं. पोरं कॉम्प्युटर ओढत होती, वायरी जोडत होती, पाट्या फिरवत होती. रोशनी आता वरच्या वर्गात, ती दुसऱ्या रांगेत. मध्येच तिचा आवाज आला.

"मॅडम, हे खोटं बोलून राहिलं."

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. रोशनी माझ्याशीच बोलत होती.

मी उठून गेले. तिच्या स्क्रीनवर पाकीट एका स्विचपाशी थांबलं होतं आणि खाली माझं वाक्य होतं: वायर जोडलेली नाही.

"काहून खोटं?"

"वायर नाही म्हणते. वायर तं लागून आहे, हे पाहा ना. मी काढली, परत लावली, तरी तेच सांगते. मंग मी याचं ऐकलंच नाही. एकेकाचे नंबर पाहिले. या दोघायले मी नंबर एकच देला होता. पाकीट कोणाकडे जाईल, बाप्पा? त्याले बी समजंना, याले बी समजंना." तिने एकाचा नंबर बदलला. पाकीट गेलं. "हे वाक्य कोणं लिवलं?"

"मी."

शेजारच्या पोरी हसल्या. रोशनी हसली नाही. ती तक्रार घेऊन आली होती आणि तिला निकाल हवा होता. "मंग सुधरवा ना," ती म्हणाली. "दुसरं कोणी असतं तं वायरच काढत-लावत बसलं असतं दिवसभर."

ती मुलगी याच स्क्रीनवरून उठून गेली होती, मॅडम. तेव्हा स्क्रीन काहीच म्हणत नव्हती आणि चूक आपली असं तिने धरलं. आता स्क्रीन चुकीचं म्हणाली आणि चूक स्क्रीनची असं तिने सिद्ध केलं. तुम्ही म्हणाल, बघ, शेवटी तिनं स्वतःच शोधलं. मी म्हणेन, शोधलं, कारण समोर खोडून काढायला काहीतरी होतं; कोऱ्या स्क्रीनला कुणाला खोटं म्हणता येत नाही. तुम्ही यावर काय म्हणाला असता, याचा अंदाज मला आहे. तो मी लिहीत नाही. तुमच्या तोंडी माझी वाक्यं घालायचा अधिकार मला नाही.

माझं वाक्य चुकलं हे खरं आहे. पाकीट कुठे थांबलं हे सॉफ्टवेअरला दिसतं. का थांबलं, याचा ते अंदाज करतं आणि मी तो अंदाज निकालासारखा छापला. मी ते काढलं नाही, बदललं. आता पाकीट जिथे अडतं तिथे उभं राहतं आणि खाली ओळ येते: 'पाकीट इथपर्यंत आलं. पुढे का गेलं नाही, हे नक्की सांगता येत नाही. वायर पाहा, नंबर पाहा.'

हे तुम्हाला पटलं असतं असं मी म्हणणार नाही. सोमवारी ते लॅबच्या कॉम्प्युटरांवर चढतं आहे.